बोट अंधारखंडाला लागूच नये

सरोवरकाठ (धागाकर्ता)

आधीच सांगतो, पुढे रहस्यभेद आहे. ज्यांनी 'हंटर हंटर'चा फक्त ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) पाहिलाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

योशिहिरो तोगाशी यांची 'हंटर हंटर' ही मांगा (जपानी चित्रकथा) १९९८ पासून चालू आहे. न वाचलेल्यांसाठी दोन ओळी. गोन नावाचा पोरगा आपल्याला सोडून गेलेल्या बापाला शोधायला निघतो. २०१२ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, १७८४ मीटर उंच झाडाच्या शेंड्यावर बाप सापडतो. गोष्ट खरं तर इथे संपली. पण बाप, म्हणजे जिन, सहज बोलल्यासारखं सांगतो की हे जगातलं सगळ्यात उंच झाड म्हणून मिरवतं खरं, पण ते वाढ खुंटलेलं रोपटं आहे. खरं झाड बाहेर आहे.

कशाच्या बाहेर? मग तो नकाशा येतो. इतकी वर्षं आपण ज्याला त्या कथेतलं अख्खं जग समजत होतो (आपल्याच पृथ्वीची खंडं इकडची तिकडे फिरवून तोगाशींनी तो नकाशा केला होता), ते सगळं एका सरोवराच्या मधोमध आहे. सरोवराचं नाव मोबिअस. त्याच्या काठापलीकडे जी अफाट जमीन पसरलीय ती 'अंकोकु ताइरिकु'. मी तिला अंधारखंड म्हणतो.

तिथे काय आहे हे आपल्याला जेमतेम माहीत आहे. पाच संकटं सांगितलीत: प्राचीन अवशेषांची राखण करणारं ब्रिओन नावाचं गोलाकार शस्त्र, खुनाची इच्छा साथीसारखी पसरवणारा दोन शेपट्यांचा साप हेलबेल, वायुरूप जीव आय, सुख देऊन जीव घेणारा, माणसं पाळणारा प्राणी पाप, आणि माणसाला मरू न देणारा झोबाए रोग. सरकारी मोहिमा गेल्या १४९. जिवंत परतलेली माणसं २८. त्यांतली पुन्हा नीट जगू शकली ती फक्त ३.

कथेने मात्र आजतागायत तिथे पाऊल ठेवलेलं नाही. २०२४ च्या शेवटी ४१० वं प्रकरण आलं, तरी काकिन साम्राज्याची तिकडे निघालेली ब्लॅक व्हेल ही बोट पाण्यातच. आणि माझं मत असं की ती पाण्यातच राहू दे.

एकदा काढून दाखवलं की वस्तू लहान होते. चिमेरा मुंग्यांचं पर्व मला प्राणप्रिय आहे, पण त्यातला राजा शेवटी एका पानात मावणारा जीव होता. हेलबेलला एक चौकट मिळालीय, आणि तो साप मी बारा वर्षं विसरलेलो नाही. जिनने झाडावर सांगितलेला किस्साही आठवा. त्याला एक प्राचीन कबर पाहायची होती. त्यासाठी त्याने माणसं जमवली. कबर उघडली तेव्हा त्याला पाहावेसे वाटले ते सोबत्यांचे चेहरे. वाटेत रेंगाळ, भरपूर रेंगाळ, असं तो पोराला सांगतो. लेखकाने आपला जाहीरनामा पात्राच्या तोंडी घातलाय, आणि आपण मात्र विचारतोय, कधी पोहोचणार?

खलाशीमामा

शीर्षक वाचून वाटलं कुणाला बोट लागतेय, उलटीवर औषध सांगायला आलो. आत वेगळंच निघालं. वाचतो सावकाश.

उधारीवही

साफ असहमत.

साधी गोष्ट आहे. दुकानदाराने फळीवर माल मांडला, भाव सांगितला, पैसे घेतले. आता तो म्हणतोय माल कपाटात जास्त शोभून दिसतो. आणि धागाकर्ते गिऱ्हाइकांनाच समजावतायत की वा, काय शोभतोय!

पाच संकटं, तिथून आणण्याजोगे पाच लाभ, हंटर संघटनेचा अध्यक्ष नेतेरो याचा मुलगा, डॉन फ्रीक्सचं प्रवासवर्णन, सीमेवरचे द्वारपाल, वाटाडे. एवढी मांडामांड करून ठेवल्यावर 'न दाखवण्यात मजा' म्हणणं ही पळवाट आहे. गूढ टिकवायचं होतं तर जिनचं ते एक वाक्य पुरलं असतं. ॲनिमे २०१४ मध्ये १४८ व्या भागाला बरोबर त्या झाडावर संपतो. तुम्हाला हवा असलेला शेवट तो. खुशाल तो बघा आणि आम्हाला बोटीवर राहू द्या.

दुसरं थोडं कडू आहे, पण बोलतो. २०१८ च्या शेवटापासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत एकही प्रकरण आलं नाही. पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं खुर्चीत बसता येत नव्हतं, हे तोगाशींनी स्वतः सांगितलंय. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, त्यांनी घाई करावी असं मी म्हणतच नाही. पण त्यांच्या पाठदुखीचं तुम्ही कलातत्त्व करून टाकलंय. ते पोहोचलेले नाहीत कारण त्यांना बसता येत नाही. 'पोहोचू नये' हे तुम्ही नंतर चिकटवलंत.

रात्रपाळी

शेवटच्या परिच्छेदाला +१. दुखलं पण +१.

अडगळीतला अभ्यासक

लहान मुलांच्या चित्रकथेवर एवढा काथ्याकूट! रविवार सत्कारणी लागला म्हणायचा.

रात्रपाळी

@अडगळीतला अभ्यासक, बोटीवर चौदा राजपुत्र-राजकन्या एकमेकांच्या जिवावर उठलेत, उरेल तो राजा. चौदावी तान्ही आहे. लहान मुलांना रात्री वाचून दाखवा आणि मग झोपवून दाखवा. हलके घ्या.

नकाशेवाला

मी पोटापाण्यासाठी नकाशेच करतो, त्यामुळे धागाकर्त्यांच्या बाजूने एक खरी गोष्ट.

युरोपी नकाशांवर दोनेकशे वर्षं दक्षिणेला एक प्रचंड खंड काढलेलं असायचं. टेरा ऑस्ट्रालिस, म्हणजे दक्षिणेची भूमी. पाहिलं कुणीच नव्हतं. उत्तरेला एवढी जमीन आहे तर तोल सांभाळायला खालीही असणार, असा हिशेब. कुणी त्यावर डोंगर काढले, कुणी नद्या. मग जेम्स कुक १७७२ ते १७७५ च्या सफरीत दक्षिणेला इतका खोल गेला की १७७३ मध्ये त्याने अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं, आणि वस्तीजोगं, हिरवंगार, श्रीमंत असं ते खंड नकाशावरून पुसलं गेलं. अंटार्क्टिका होतं, पण ते १८२० मध्ये दिसलं आणि निघालं बर्फाचं. स्वप्नातल्या खंडाशी त्याचं काही नातं नव्हतं.

पोहोचणं म्हणजे हेच. जे आहे ते मिळतं आणि जे असावंसं वाटत होतं ते जातं. तोगाशींना हे पक्कं कळलंय असं मला तो सरोवराचा नकाशा बघून वाटतं. त्यांनी आधी माझ्या ओळखीचं जग मोडून मला दिलं, मग तेच डबक्यातल्या पानासारखं करून दाखवलं. नकाशाची मोजपट्टी बदलून अंगावर काटा आणणारा दुसरा चित्रकार मी पाहिलेला नाही. काठापलीकडचा भाग नुसता कोरा ठेवलाय त्यांनी. माझ्या कामात कोऱ्या जागेला चूक म्हणतात, तिथे मात्र सगळ्यात चांगली रेघ तीच आहे.

खलाशीमामा

वाचलं. आता बोटीबद्दल बोलतो, कारण त्या बाबतीत इथे माझ्याइतकं खारं पाणी कुणी प्यायलं नसणार. व्यापारी जहाजांवर वीस वर्षं झाली, घर रत्नागिरीजवळ.

ब्लॅक व्हेल बोटीवर दोन लाख माणसं आहेत. दोन लाख! आजच्या घडीला सगळ्यात मोठ्या क्रूझ जहाजावर कर्मचारी धरून दहा हजारांच्या आसपास माणसं मावतात. म्हणजे असली वीस जहाजं एकात. पिण्याचं पाणी, मैला, आग लागली तर काय, विचार करूनच माझं डोकं गरगरतं. तोगाशींनी हे गंमत म्हणून केलंय असं मला आधी वाटलं. मग पाच थर दाखवले. वर राजघराणं, त्याखाली पैसेवाले, आणि तळाशी जे कोंबलेत त्यांच्यावर माफियांच्या टोळ्यांचं राज्य. ते पाहिलं आणि कळलं की या माणसाला बोट कळते. बोटीवर कोण कुठल्या मजल्यावर झोपतो यावर तो काय खातो, कुणाला घाबरतो आणि बुडाली तर आधी कोण मरतो हे ठरतं. आमच्याकडेही इंजिनरूमवाला आणि ब्रिजवरचा एकाच टेबलावर जेवत नाहीत सहसा.

आणि ज्या 'नव्या खंडा'ची आशा दाखवून या माणसांना बसवलंय ते खरं अंधारखंड नाहीच. त्यांना अलीकडेच, सरोवराच्या आतल्या जमिनीवर उतरवायचं ठरलंय. पुढे जाणार ती निवडक मंडळी. दोन लाख माणसं हा नुसता देखावा आहे. हे कळल्यावर मला ती पाच संकटं किरकोळ वाटू लागली.

म्हणून माझं मत: बोट लागो न लागो, मला खालच्या मजल्यावरची माणसं सुखरूप उतरलेली बघायचीत.

उधारीवही

मामा, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे झालात. उतरायचं तर किनारा हवा!

खलाशीमामा

किनारा हवा, अंधारखंड नको. वाटल्यास जयगड चालेल.

कांजीपेज

पुण्यात जपानी शिकले, आता भाषांतराचं काम करते, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करते. सवय.

'अंकोकु ताइरिकु' हा शब्द तोगाशींनी घडवलेला नाही. आफ्रिकेला इंग्रजीत 'डार्क काँटिनंट' म्हणायचे, त्याचं हे रुळलेलं जपानी भाषांतर. हेन्री मॉर्टन स्टॅन्लीने काँगो नदीच्या सफरीवर पुस्तक लिहिलं, १८७८ साली, त्याच्या नावातच हा शब्द आहे. म्हणजे जपानी वाचक हा शब्द पाहतो तेव्हा त्याला नुसतं भय वाटत नाही. त्यामागे बंदुका, करारपत्रं, रबर, हस्तिदंत असं सगळं उभं असतं. निदान असायला हवं.

आता वरची सगळी चर्चा पुन्हा वाचा. धागाकर्ते म्हणतात अंधार तसाच राहू दे, म्हणजे तो सुंदर राहील. उधारीवही म्हणतात दिवा लावा, आम्ही पैसे मोजलेत. नकाशेवाले म्हणतात कोरी जागा सुंदर. पण अंधार कुणाला? काँगोकाठी राहणाऱ्या माणसाला त्याचं गाव अंधारात आहे हे स्टॅन्ली येईपर्यंत माहीत नव्हतं. त्याचा सूर्य रोज उगवत होता.

मोहिमा कशासाठी गेल्या ते बघा. सगळे रोग बरे करणारी वनस्पती, पाण्यात टाकला की वीज देणारा दगड, आयुष्य वाढवणारा निट्रो तांदूळ. बाजारात काय विकलं जाईल याची यादी आहे ही. जी पाच बडी राष्ट्रं जगाला 'तिकडे जाऊ नका' म्हणून बजावतात ती स्वतः गुपचूप जाऊन आलेली. मग काकिन साम्राज्य उठतं, आम्हीही जाणार म्हणतं, आणि सौदा ठरून सहावं मोठं राष्ट्र होऊन बसतं. हे वाचताना मला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या बैठका आठवल्या, आणि त्या पंगतीत उशिरा येऊन बसलेला जपानसुद्धा. दुसरं तोगाशींच्या मनात होतं की नाही यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून माझं उत्तर दोघांच्याही विरुद्ध आहे. कथा तिथे पोहोचायला हवी, पण बोटीच्या डेकवरून बघत पोहोचली तर नको. तिथले वाटाडे आहेत, द्वारपाल आहेत, म्हणजे तिथे बोलणारं कुणीतरी राहतं. त्यांच्या बाजूने सरोवराकडे बघितलेलं एक पान मला हवंय. त्यांच्या भाषेत आपल्याला काय म्हणतात? डबकंखंड?

अवांतर: काकिनच्या राजाचं नाव नासुबी. जपानीत नासुबी म्हणजे वांगं. आडनाव होइकोरो, ही एक चिनी डुकराच्या मांसाची भाजी. साम्राज्याचा सम्राट म्हणजे वांग्याची भाजी. तोगाशी यांना सत्तेबद्दल काय वाटतं ते यावरून ओळखा.

सरोवरकाठ

कांजीपेज ताई, हे मी धरलंच नव्हतं. 'अंधार कुणाला' यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. वाचनखूण साठवलीय.

उधारीवहींना मात्र उत्तर देतो. पाठीचं दुखणं मान्य, आणि त्यावर मी कविता करतोय असं वाटलं असेल तर ती माझी चूक. पण बसता येत होतं, आडवं पडून काढता येत होतं, तेव्हा त्या माणसाने काय निवडलं? बोट सरळ पलीकडे न्यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी चौदा वारस, प्रत्येकाचं अदृश्य राखणदार श्वापद, प्रत्येकाचे अंगरक्षक, तीन माफिया टोळ्या, फँटम ट्रूप ही दरोडेखोरांची टोळी, खुनशी हिसोका असं सगळं एका बोटीत भरलं. गोनचा मित्र कुरापिका तान्ह्या राजकन्येच्या दारात उभा, तिकडे चौथ्या राजपुत्राकडे त्याच्या मेलेल्या जमातीचे लाल डोळे. आडवं पडून, दुखऱ्या पाठीने, एकेका चौकटीत शंभर शब्द कोंबून हा माणूस हे काढतो. त्याला तिथेच राहायचंय. बोट त्याचं खरं खंड आहे.

उधारीवही

एकेका चौकटीत शंभर शब्द! हे कौतुक म्हणून सांगताय? चित्रकथा आहे की सातबाराचा उतारा? मी तीन वेळा वाचूनही कोण कुठल्या राजपुत्राचा हेर आहे हे मला सांगता येत नाही.

असो. मुद्द्यावर येतो. 'दाखवलं की लहान होतं' हा तुमचा पाया आहे, आणि तोच कच्चा आहे. अकिहितो त्सुकुशी यांची 'मेड इन ॲबिस' वाचा. तीही २०१२ मध्येच सुरू झाली. बेटाच्या मधोमध एक अथांग विवर, पोरं त्यात उतरतात. लेखक थरामागून थर दाखवत जातो. झाडं, प्राणी, हवा, कुठे काय खायचं, काय खाल्लं तर मरायचं, सगळं. काही म्हणून लपवत नाही. खाली जाणं सोपं, वर येताना शाप लागतो. वरच्या थरात नुसती चक्कर, सहाव्या थरातून वर आलात तर माणूसपण जातं. सगळं दाखवूनही त्या विवराची भीती प्रत्येक खंडागणिक वाढते. कारण नियम कळल्याने भीती कमी होत नाही, उलट पुढच्या पायरीला काय होणार हे कळू लागतं आणि तरी पोरं उतरतात.

रहस्य झाकूनच टिकतं हे ज्याच्याकडे पुढचं काही नाही त्याने म्हणावं. तोगाशींकडे आहे. माझा त्यांच्यावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे, एवढाच आपल्यातला फरक.

नकाशेवाला

हे चांगलं उदाहरण आहे, माझ्या बाजूला भोक पाडणारं. फक्त एक नोंद. त्या विवराला खोली आहे, थर आहेत, म्हणजे त्याला आधीपासून नकाशा आहे. अंधारखंडाला मोजमापच नाही. विहीर आणि आकाश यांत जितका फरक तितका.

सप्तद्वीप

विहिरीवरून आठवलं. माझा इथला पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

सरोवराच्या मधोमध आपलं जग, पलीकडे आणखी मोठं, ही कल्पना आपल्याला खरं तर ओळखीची आहे. पूजेच्या संकल्पात गुरुजी आपला पत्ता सांगतात, जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे. भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधात याचा पूर्ण आराखडा आहे. मधोमध जंबुद्वीप, भोवती खारा समुद्र, मग दुसरं द्वीप, भोवती उसाच्या रसाचा समुद्र, असं करत सात द्वीपं आणि सात समुद्र. प्रियव्रत राजाच्या रथाची चाकं जिथे रुतली तिथे हे समुद्र झाले. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. आणि सगळ्यात शेवटी लोकालोक पर्वत. त्याच्या अलीकडे उजेड, पलीकडे सूर्य पोहोचतच नाही.

तोगाशींनी हे आपल्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही, कृपया तसं कुणी पुढे पाठवू नका. पण पुराणकारांनी लोकालोकापलीकडे कुणाला फिरायला पाठवलेलं नाही. त्यांना सांगायला सुचलं नसेल असं नाही. उसाच्या रसाचा समुद्र सुचणाऱ्याला काय अवघड? ते थांबले. मला वाटतं धागाकर्ते हेच म्हणतायत.

कांजीपेज

@सप्तद्वीप, पहिलाच प्रतिसाद आणि इतका छान. पूर्ण परका संबंध नाहीये तो. बौद्ध धर्माबरोबर हा नकाशा जपानला पोहोचला. जंबुद्वीपाचं जपानी रूप 'एन्बुदाइ', मेरू पर्वताचं 'शुमिसेन'. जुने जपानी बौद्ध जगाचे नकाशे याच जंबुद्वीपाचे आहेत. आणि विहिरीवरून: आपला कूपमंडूक त्यांच्याकडेही आहे, विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो ही त्यांची अगदी रोजच्या वापरातली म्हण. मोबिअस सरोवराच्या पानावर मला तो बेडूकच दिसला होता.

रात्रपाळी

सगळे तिकडे जायचं की नाही यावर भांडताय. तिकडचं इकडे आधीच आलंय, हे कुणी बोललं नाही म्हणून मी उठलो. (पाळी संपली, आता झोप नाही येत.)

चिमेरा मुंग्यांची राणी कुठून आली? समुद्रकिनाऱ्याला जखमी अवस्थेत वाहत आली. ती बाहेरून आली असं नंतर सूचित केलं जातं. एक मादी वाहून आली, आणि तिच्या पोराला, म्हणजे त्या राजाला, मारायला नेतेरोला स्वतःच्या छातीतला बॉम्ब फोडावा लागला.

दुसरी नानिका. गोनचा जिवलग मित्र किलुआ, त्याच्या धाकट्या भावंडात राहणारं, इच्छा पुरवणारं आणि बदल्यात भलतंच मागणारं ते काहीतरी. 'नानिका'चा जपानीत अर्थच 'काहीतरी'. ती हो म्हणताना 'आय' म्हणते. पाच संकटांतल्या वायुरूप जीवाचं नाव आय, आणि त्याचं वर्णन आहे इच्छांचं परस्परावलंबन. नेतेरोबरोबर अंधारखंडावर गेलेल्यांत किलुआच्या घराण्यातला झिग झोल्डिक होता. तोगाशींनी अजून जोडून सांगितलेलं नाही, हा वाचकांचाच तर्क आहे. पण मला तो पटतो. आणि तो खरा असेल तर अंधारखंडाचं सगळ्यात भयंकर संकट गेली कित्येक वर्षं एका लहान मुलाच्या पोटात बसून, डोक्यावरून हात फिरवा म्हणून हट्ट करतंय.

त्यामुळे 'दाखवलं की लहान होतं' हे नानिकाला लागू होत नाही. ती दिसली, बोलली, किलुआच्या मांडीवर झोपली, तरी मला तिची भीती वाटते. आणि माया वाटते. दोन्ही एकदम. पलीकडचं सगळं असंच दाखवणार असतील तर खुशाल दाखवा.

सरोवरकाठ

रात्रपाळी, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा बरा आहे. ॲबिसच्या उदाहरणाला मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात तुम्ही आणखी अवघड काढलंत.

थोडं मागे सरकतो. 'लागूच नये' हे मी जोरात बोललो. माझी खरी भीती वेगळी आहे. तिथे पोहोचून मारामारी होईल. एक संकट, एक पर्व, एक विजय, मग दुसरं संकट. नेतेरो दोनदा जाऊन आला आणि पुन्हा गेला नाही. का? तिथे निसर्गाशी झुंज होती, त्याला हवी होती समोरच्या माणसाशी. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस जिथून कंटाळून परत आला ती जागा मारामारीची नाहीच. ती जर कुस्तीचा आखाडा झाली तर माझं खंड गेलं.

उधारीवही

हे मान्य. आखाडा मलाही नको. मला वही पूर्ण हवीय, कुस्ती नाही.

नकाशेवाला

वहीवरून: डॉन फ्रीक्सचं प्रवासवर्णन कुणीच उचललं नाही? तीनशे वर्षांपूर्वी अंधारखंडावर लिहिलेला ग्रंथ. पूर्वभाग उपलब्ध, पश्चिमभाग सापडतच नाही. आणि जिनला काय वाटतं? पश्चिमभाग हरवलेला नाही, लेखक अजून जिवंत आहे आणि तो भाग अजून लिहितोय!

तीनशे वर्षं झाली, दुसरा भाग चालू आहे. स्वतःच्या सुट्ट्यांवर एवढा खमंग विनोद दुसऱ्या कुठल्या लेखकाने केलाय? त्याने निट्रो तांदूळ खाल्ला असणार हे उघड आहे. तोगाशींना कुणीतरी पाच किलो पाठवा.

उधारीवही

पाच किलो मला. वाट आम्हाला बघायचीय.

अडगळीतला अभ्यासक

मघाशी कुत्सित बोललो, मागे घेतो. पहिला खंड मागवलाय. ४१० प्रकरणं आहेत म्हणता? हा तांदूळ साधारण काय भावाने मिळतो?

कांजीपेज

स्वागत. हंटर परीक्षेपर्यंत धीर धरा, पुढे सुटका नाही. आणि नासुबी येईपर्यंत वांगं खाऊन घ्या, नंतर नको वाटेल.

खलाशीमामा

आमची बोट पहाटे सुटतेय. मध्ये नेट मिळेल न मिळेल, दोनेक महिने तरी लागतील. तोवर पुढचं प्रकरण आलं तर सगळी गोष्ट लिहू नका, मी उतरल्यावर स्वतः वाचेन. खालच्या मजल्यावरचे उतरले का, एवढंच टाकून ठेवा.